उन्हातान्हात राबणाऱ्या आईला ‘डी’ कमी कसं, आणि बाळाला थेंब कशाला?

दारव्हा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: “पहिलं बाळ, ऑक्टोबरअखेरीस झालं, आता पावणेतीन महिन्यांचं आहे. बाळंतपणानंतर बायकोची कंबर आणि मांड्या इतक्या दुखायच्या की बाजेवरून उठताना हात द्यावा लागे. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी ८ निघालं. तिला आठवड्याची पुडी आणि कॅल्शियम दिलं, बाळाला रोजचे थेंब लिहून दिले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. बायको सहाव्या महिन्यापर्यंत वावरात येत होती. मग तिला उन्हाचं व्हिटॅमिन कमी कसं पडलं? ती औषध घेते आणि अंगावर पाजते, तर बाळाला वेगळं कशाला? माझी आई रोज सकाळी सातला तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात झोपवते, ते पुरत नाही का? एकाने सांगितलं, एक इंजेक्शन मारून टाका, वर्षभराची कटकट संपते. काय करू?”

भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यातच बावीस वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. तुमचा पहिला प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, आणि तो रास्त आहे. नागपूरला शिकून इकडे आले तेव्हा मीसुद्धा हेच धरून चालले होते की मुडदूस (लहान मुलांची हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार) म्हणजे थंड, धुक्याच्या देशांतला आजार, फार तर मोठ्या शहरातल्या बंद फ्लॅटमधला. या समजुतीचा त्रास एका बाळाला सोसावा लागला. ते पुढे सांगते.

आधी प्रश्न जरा सरळ मांडून घेऊ. गावात ऊन किती पडतं, यावर काहीच ठरत नाही. बाळाच्या आईच्या उघड्या कातडीवर, सूर्य वर चढलेला असताना, गेल्या वर्षभरात किती वेळ ऊन पडलं, हे बघायचं. आणि त्याच्याच जोडीला, तिच्या ताटात कॅल्शियम किती होतं. या दोन गोष्टींची बेरीज तिच्या हाडांत दिसते आणि तिच्याकडून बाळाला जे मिळतं त्यातही दिसते.

उन्हात एक अदृश्य किरण असतो, अतिनील ‘बी’. तो कातडीवर पडला की कातडीतल्या एका स्निग्ध पदार्थापासून व्हिटॅमिन डी तयार व्हायला लागतं. ऊन गरम लागतं ते मात्र दुसऱ्या किरणांमुळे. म्हणून ऊन चटका देतंय याचा अर्थ ‘डी’ बनतंय असा होत नाही. अतिनील ‘बी’ किरण काचेतून येत नाही, जाड कापडातून येत नाही, आणि सूर्य खाली असेल तर वातावरणातच अडतो. कातडी जितकी सावळी तितका वेळ जास्त लागतो, आणि आपण बहुतेक सगळे सावळेच आहोत. हे मोजायला यंत्र नको. स्वतःची सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर तो किरण पुरेसा आहे. सावली लांबलचक असेल तर ते ऊन फक्त उबेचं.

आता तुमच्या पत्नीचं गेलं वर्ष माझ्या अंदाजाने मांडते, चुकलं तर तुम्ही दुरुस्त करा. फेब्रुवारीत दिवस राहिले असणार. तेव्हा शेवटची वेचणी किंवा हरभऱ्याची सोंगणी चालू असते. वावरात बाई कशी जाते? लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. पऱ्हाटीच्या काड्या ओरबाडतात, फवारणीचा वास असतो, ऊन लागतं, तोंड काळवंडतं. ती अंग झाकते ते बरोबरच करते. पण व्हिटॅमिन डी च्या हिशेबात उरतात ते डोळ्यांभोवतीचा पट्टा आणि हाताचे पंजे. मे महिन्यात दुपारी कुणीच बाहेर नसतं. जून-जुलैत निंदण, पण वर ढग. सातव्या महिन्यात काम बंद. मग पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी गेली असणार, आणि तिथे ‘पोटुशी बाई उन्हात फिरू नये’ म्हणून घरात. बाळंत झाल्यावर सव्वा महिना दार-खिडकी बंद केलेल्या खोलीत, कानाला फडकं, बाजेखाली शेगडी. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे ऊन मऊ झालं, ढग गेले, तेव्हा ती अंधाऱ्या खोलीत होती.

असा हिशेब मी माझ्या खोलीत बसून शेकडो आयांसोबत केला आहे. सुरुवातीला सगळ्या म्हणतात, “मॅडम, उन्हातच तर असतो आमी.” शेवटी बोटावर मोजून सांगतात की खांद्याला ऊन लागलं त्याला वर्ष झालं.

तुमच्या आईंच्या कोवळ्या उन्हाबद्दल. जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवतोच सातच्या सुमाराला. त्या वेळी सावली अंगणाच्या पार जाते. बाळाला ऊब मिळते, मालिश होते, आजीचा हात लागतो, हे सगळं बाळासाठी चांगलं आहे आणि ते बंद करू नका. पण त्यातून व्हिटॅमिन डी जवळपास शून्य. “लेकराले कवळं ऊन दाखवलं का झालं” ही समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि ती मोडताना मला नेहमी जपून बोलावं लागतं, कारण त्या उन्हात बसलेली आजी बाळाची सर्वांत जास्त काळजी घेणारी व्यक्ती असते.

आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे, ती शहरातल्या सल्ल्यांमध्ये येत नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. किरण सगळ्यात जोरात तेव्हा. पण तेव्हाच पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस असतो. तेव्हा बाळाला बाहेर नेणं म्हणजे जिवाशी खेळ, ते कधीही करू नका. उलट डिसेंबरअखेरीस हवा छान असते, बसावंसं वाटतं, पण दुपारी सव्वाबारालासुद्धा सावली जेमतेम आपल्या उंचीएवढीच होते. म्हणजे थंडीत सकाळी आठ-नऊचं ऊन उबेपलीकडे फारसं देत नाही, ऊन घ्यायचं तर अकरा ते दोनमध्ये. उन्हाळ्यात मात्र नऊ वाजताच सावली उंचीएवढी होते, तेव्हा आईने नऊच्या सुमाराला दहा-पंधरा मिनिटं अंगणात बसून आत यावं. पावसाळ्यात जसं मिळेल तसं.

आईसाठी हे ऊन मी आग्रहाने सांगते: आडोसा करून, दंड, पोटऱ्या, पाठ उघडी ठेवून, आठवड्यातून तीन-चार दिवस. सासू-सासऱ्यांच्या घरात सुनेला दंड-पोटऱ्या उघड्या टाकून अंगणात बसता येत नाही, हे मला माहीत आहे. मागच्या परसात दोन साड्यांचा आडोसा बांधून द्या, ते काम तुमचं. पण एवढ्या लहान बाळाच्या बाबतीत मी उन्हावर विसंबत नाही. त्याची कातडी नाजूक, ऊन किती लागलं ते त्याला सांगता येत नाही, आणि आज ऊन दाखवलं, उद्या सर्दी म्हणून नाही, परवा लग्नाला गेलो म्हणून नाही, असं होतंच. म्हणून थेंब.

आता दुसरा प्रश्न, आई औषध घेते तर बाळाला वेगळं का. इथे सरळ गणित आहे. आईच्या एक लिटर दुधात व्हिटॅमिन डी साधारण २० ते ४० युनिटच असतं. आईलाच कमी असेल तर त्याहूनही कमी. तुमचं बाळ दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध पीत असेल, म्हणजे त्याला मिळाले फार तर तीस युनिट. त्याची गरज रोज ४०० युनिटची. आईच्या दुधातूनच बाळाची गरज भागवायची तर आईला रोज सहा हजारांच्या वर युनिट घ्यावे लागतात, असं अभ्यासात दिसलं आहे. तो डोस स्वतःच्या मनाने घेण्याचा नाही, आणि तिच्या पुड्या काही आठवड्यांनी थांबणार आहेत. बाळाचं पहिलं वर्ष त्याहून लांब आहे.

हे वाचून कुणी ‘मग आईचं दूध पुरेसं नाही, डब्याचं सुरू करू’ असा अर्थ काढू नका. तसं केलेली घरं मी पाहिली आहेत, आणि ती बाळं जुलाब होऊन माझ्याकडे येतात. आईचं दूध पूर्ण आहे. फक्त हे एक जीवनसत्त्व निसर्गाने दुधातून फारसं द्यायचं ठेवलेलं नाही, ते कातडीकडे सोपवलं आहे. सहा महिने निव्वळ आईचं दूध आणि सोबत हे थेंब. घरच्या म्हशीच्या दुधातही ‘डी’ नसल्यासारखंच. पॅकेटच्या ज्या दुधावर निळ्या रंगात ‘प्लस एफ’ अशी खूण असते त्यात वरून घातलेलं असतं, पण तेही लिटरला दोन-तीनशे युनिट, आणि वर्षाच्या आत बाळाला वरचं दूध द्यायचंच नाही.

आणखी एक गोष्ट. पोटात असताना बाळ आपला साठा आईकडूनच घेतं, आणि जन्माच्या वेळी त्याच्या रक्तातली पातळी आईच्या पातळीच्या निम्मी ते पाऊण असते. आईची ८ (एक मिलिलिटर रक्तात इतके नॅनोग्रॅम) म्हणजे बाळाची पाच-सहा धरा. हा साठा दर दोन-तीन आठवड्यांनी अर्धा होत जातो. तुमच्या बाळाने सुरुवातच रिकाम्या कोठीने केली आहे. थेंब लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी अगदी योग्य केलं.

आता ते बाळ. मला इकडे येऊन तिसरं वर्ष असेल. जानेवारीतली रात्र, तीन महिन्यांचा मुलगा, ताप नाही, वजन चांगलं, गोरागोमटा, अंगावर पिणारा, आणि दिवसातून चार-पाच वेळा झटके. घरच्यांनी आधी अंगारा लावला होता. मी साखर तपासली, ती ठीक होती. जंतुसंसर्गाची औषधं सुरू केली आणि झटक्यांचं औषध दिलं. झटके थांबेनात. दोन दिवसांनी त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या एका वरिष्ठ डॉक्टरांनी पहिल्याच तासात रक्तातलं कॅल्शियम बघितलं, ते अतिशय कमी होतं. हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं आणि झटके थांबले. व्हिटॅमिन डी नसल्याने आतड्यातून कॅल्शियम शोषलं जात नव्हतं आणि त्याच्या नसा त्याशिवाय फडफडत होत्या. मूल वाचलं, आता मोठं झालं आहे. पण ते दोन दिवस त्याला जे सोसावं लागलं ते मी चुकीचं पुस्तक डोक्यात ठेवून बसले होते म्हणून. आणि त्याहून जास्त लागलं ते हे, की त्याची आई माझ्यासमोर दोन दिवस भिंतीला हात टेकून टेकून उठत होती आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की बाई, तुझं काय दुखतं?

तेव्हापासून मी बाळ तपासताना आईला स्टुलावरून, हात न टेकता, उठायला सांगते. जमत नसेल, चालताना ती डुलत असेल, नडगीवर अंगठ्याने दाबलं तर कळवळत असेल, तर तिच्या हाडांत कॅल्शियम कमी आहे हे मला रक्ताचा कागद यायच्या आधी कळतं. आमच्या भागातल्या आशाताईंनाही मी हेच सांगते. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत त्या घरी येतात, बाळाचं वजन करतात, श्वास मोजतात. घरी जाऊन बाळ बघण्याची ही रीत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि देशभर गेली. त्या भेटीत एक प्रश्न आईसाठी जोडा: उठताना हात टेकावा लागतो का?

आता थेंब कसे द्यायचे, कारण चुका इथेच होतात. बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. बाजारात काही बाटल्यांत १ मिलिलिटरला ४०० युनिट असतात, काहींत ८००. नाव जवळजवळ सारखं, खोकी जवळजवळ सारखी. डॉक्टरांनी पहिली लिहिली, दुकानात दुसरी मिळाली, आणि घरी ड्रॉपर भरून देत राहिले, तर डोस दुप्पट. उलट झालं तर निम्मा. काही बाटल्या इतक्या घट्ट असतात की एका थेंबातच दिवसाचा डोस असतो. त्या बाटलीचा ड्रॉपर भरून दिला तर फार मोठी गडबड. म्हणून ‘किती मिलिलिटर’ असं पाठ करू नका, ‘४०० युनिट’ पाठ करा, आणि बाटली बदलली की दुकानदाराकडून किंवा डॉक्टरांकडून ड्रॉपरवर खूण करून घ्या. गालाच्या आतल्या बाजूला सोडायचे, दूध पाजायच्या वेळी. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायचा नाही, नेहमीचाच द्यायचा. वर्ष होईपर्यंत रोज. त्यानंतर काय, हे तेव्हाचं खाणं, उन्हात खेळणं आणि वाढ बघून ठरवायचं.

एक घोटाळा आपल्याकडे नेहमी होतो. नऊ महिने झाले की गोवर-रुबेलाच्या लशीसोबत उपकेंद्रात बाळाला चमच्याने एक पिवळसर औषध पाजतात आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तो डोस असतो. तो व्हिटॅमिन ‘ए’. डोळ्यांसाठी. “अंगणवाडीत तर व्हिटॅमिन पाजलं” म्हणून डी चे थेंब बंद केलेली बाळं मी दर वर्षी बघते. दोन्ही वेगळी आहेत, दोन्ही लागतात.

थेंब सुरू करायला बाळाचं रक्त तपासायची गरज नाही. कुणी सांगितलं तर कारण विचारा. ही तपासणी महाग आहे, आपल्याकडून नमुना बहुतेकदा नागपूरला जातो, आणि त्या पैशांत बाळाच्या थेंबांची बऱ्याच महिन्यांची सोय होते. रोजचे ४०० युनिट प्रत्येक बाळाला पहिलं वर्षभर द्यायचेच असतात, पातळी काहीही असो. तपासणी लागते ती मुडदुसाची लक्षणं दिसली तर, झटके आले तर, किंवा बाळ फार आधी जन्मलेलं असेल तर.

इंजेक्शनचं मात्र मी स्पष्ट नाही म्हणते. त्या एका सुईत बहुधा ६ लाख युनिट असतात. तुमच्या बाळाला रोज ४०० लागतात, म्हणजे चार वर्षांचा साठा एका दिवशी. ‘डी’ हे पाण्यात विरघळून लघवीवाटे जाणारं जीवनसत्त्व नाही, ते चरबीत साठतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं: बाळ दूध सोडतं, उलट्या करतं, शौचाला कडक होतं, मलूल पडतं, मूत्रपिंडाला इजा होते. माझ्याकडे एक दीड वर्षाची मुलगी अशीच आली होती. ‘पाय वाकडे दिसतात’ म्हणून तिला एका ठिकाणी इंजेक्शन, महिन्याने दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तेच, आणि घरी आईच्या पुडीतला वाटा. तीन आठवडे तिला सलाईनवर ठेवावं लागलं. आणि तिचे पाय मुळात वाकडे नव्हतेच, त्या वयाला सगळ्याच मुलांचे पाय थोडे धनुष्यासारखे असतात, दोन वर्षांनंतर सरळ होऊ लागतात.

पुडीचंही तसंच. तुमच्या पत्नीची पुडी ६०,००० युनिटची असेल, आणि ती आठवड्यातून एकदा आहे, सहसा आठ आठवडे. ‘रोज एक’ समजून घेणारे लोक मी पाहिले आहेत, आजारी पडून येतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सोमवारांना गोल करा आणि घेतल्यावर खोडा. त्या पुडीतला एक कणही बाळाला द्यायचा नाही.

पण नुसती पुडी घेऊन तिची कंबर बरी होणार नाही, आणि हे कुणी तुम्हाला सांगितलं नसेल अशी मला शंका आहे. डी हा दार उघडणारा आहे. दारातून आत यायला कॅल्शियम हवं. डी नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी दहा-पंधरा टक्केच अंगी लागतं, असेल तर तीस-चाळीस. दार उघडलं आणि बाहेर कुणीच नाही, असं आपल्या ताटाचं आहे. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात कॅल्शियम असतं २५-३० मिलिग्रॅम, तांदळात त्याहून कमी. पाजणाऱ्या आईला रोज लागतं १२०० मिलिग्रॅम. ज्या घरात दोन म्हशी आहेत त्या घरातलं दूध डेअरीला जातं आणि सुनेच्या वाट्याला चहापुरतं येतं, हे मी रोज ऐकते. भरपूर ऊन असलेल्या आफ्रिकेतल्या काही भागांतही मुलांना मुडदूस होतो, आणि तिथे मुख्य कारण कॅल्शियमची तूटच आढळलं आहे.

त्यामुळे तिला दिवसाला दोन पेले दूध किंवा दही-ताक, डेअरीला जायच्या आधी तिच्या नावाने बाजूला काढून. तिळाची चटणी रोज. शंभर ग्रॅम तिळात हजाराच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दोन चमचे चटणीनेही फरक पडतो. शेवग्याचा पाला बहुतेक बांधावर आहे आणि आपण तो शेळीला घालतो. तो वरणात टाका. अंबाडीची भाजी मोसमात. नाचणी आपल्याकडे पिकत नाही पण किराणा दुकानात मिळते, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या वर मिलिग्रॅम. आठवड्यातून तीन दिवस भाकरीच्या पिठात मिसळा. चालत असेल तर अंडं, सुकट. बाळंतिणीला ‘आंबट नको, थंड नको, पालेभाजी नको, बाळाला बाधते’ असं म्हणून सव्वा महिना वरणभातावर ठेवतात, तेव्हा तिच्या हाडांतलं कॅल्शियम दुधात जातं आणि हाडं पोकळ होतात. दुधातलं कॅल्शियम मात्र बाळाला पुरेसं मिळतं. आईचं शरीर स्वतःचं काढून देतं.

कॅल्शियमच्या गोळ्या सरकारकडून मोफत आहेत. गरोदरपणाच्या चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत, रोज दोन. प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट डी असतं. तुमच्या घरात त्या पांढऱ्या जाड गोळ्यांची पाकिटं कुठल्या डब्यात आहेत ते बघा, कारण बहुतेक घरांत त्या तशाच असतात. कुणी म्हणतं बाळाचं डोकं कडक होतं, कुणी म्हणतं तोंडाला खडूसारखी लागते. बाळाचं डोकं त्याने कडक होत नाही. जेवणासोबत घ्यायची. लोहाची लाल गोळी मात्र त्याच वेळी घ्यायची नाही, दोघींमध्ये किमान दोन तास ठेवायचे, नाहीतर कॅल्शियम लोहाला आत येऊ देत नाही. मी असं सांगते: कॅल्शियम सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत, लोह दुपारी चार वाजता लिंबूपाण्यासोबत. पुडीही सुरू असताना गोळ्यांतलं डी जास्त होईल का, असं विचाराल, तर नाही, ते थोडंच आहे.

आता ज्यावर मला इथून बसून बोलता येत नाही ते. बाळाला मी पाहिलेलं नाही. टाळू मोठी आहे का, डोक्याच्या मागचं हाड दाबलं तर चेंडूसारखं आत जातं का, मनगटं रुंद झाली आहेत का, छातीवर बरगड्यांच्या टोकांना मण्यांची माळ जाणवते का, झोपेत कपाळाला फार घाम येतो का, हे तुमच्या डॉक्टरांनी पाहिलं असेल, नसेल तर पुढच्या लशीला दाखवा. यातलं काही असेल तर ४०० चा डोस पुरत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मुडदुसात सहसा रोज २००० युनिट किमान तीन महिने, सोबत कॅल्शियम, असा इलाज असतो, तोही डॉक्टरांच्या देखरेखीत. आणि एक लक्षात घ्या, आपल्या भागात ‘मुडदूस’ म्हटलं की लोकांना सुकलेलं, हाडाचा सापळा झालेलं पोर डोळ्यांसमोर येतं. हा मुडदूस गुटगुटीत बाळालाही होतो. वजन चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

पुढे मूल चालायला लागल्यावर पाय वाकडे दिसले किंवा हाडं दुखतात म्हणालं, तर सगळं डी वर टाकू नका. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि कॅल्शियम कमी खाणाऱ्या मुलांत त्यानेही पाय वाकतात. तिथे डी कितीही पाजा, पाणी बदलल्याशिवाय काही होत नाही. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी पिण्याचं नाही. तुमच्या बोअरची तपासणी ग्रामपंचायतीकडून मागून घ्या. दुसरं सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भात तो बराच आहे. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाची हातापायाची बोटं सुजून दुखली तर आधी ती तपासणी, ती सरकारी दवाखान्यात होते. अंगणवाडीत येणारं बालआरोग्य तपासणीचं पथक मुडदूसही बघतं, त्यांच्या यादीत तो आहे. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

तुमच्या पत्नीचं ८ हे कुणाच्याही मोजपट्टीने कमीच आहे. १२ च्या खाली म्हणजे उघड कमतरता, २० च्या वर असावं. दुखणं दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतं, स्नायूंचा जोर यायला दोन-तीन महिने. तीन महिन्यांनी एकदा पुन्हा तपासून घ्या. तोपर्यंत कापसाचं गाठोडं, पाण्याची घागर तिला उचलू देऊ नका. आणि पुढच्या बाळाच्या वेळी हे चौदाव्या आठवड्यातच सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांना डॉक्टर तपासतात, तिथे ‘मागच्या वेळी डी ८ होतं’ एवढं एक वाक्य बोला. तुमच्या घरात दहा-बारा वर्षांची भाची-पुतणी असेल तर तिच्याकडेही बघा. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वयाच्या मुलांत १४ टक्क्यांना डी ची कमतरता होती, आणि १० ते १९ वयात ती २४ टक्क्यांवर गेलेली. तुमच्या पत्नीची तूटही बाळंतपणात सुरू झालेली नसावी.

रात्री-अपरात्री बाळाला झटका आला, हातपाय आखडले, डोळे फिरवले, रडताना घशातून कोंबड्यासारखा आवाज आला, किंवा ते निळं पडलं, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात पोचल्यावर आपणहून सांगा की आईचं डी ८ होतं, बाळाचं कॅल्शियम बघा.

थेंब देण्याचं काम तुमच्या आईंकडे द्या. तुम्ही वावरात असता, बाळाची आई रात्रभर जागलेली असते, आणि रोज न चुकता सातला उठून मालिश करणारी एकच व्यक्ती तुमच्या घरात आहे. मालिश, आंघोळ झाली, बाळ पाजायला घेतलं, की थेंब. ड्रॉपरवर नेलपॉलिशने रेघ ओढून द्या, त्यांना बारीक अक्षरं दिसणार नाहीत. बाटली उन्हात नको, देवघराच्या फळीवर चालेल. आणि थंडी आहे तोवर दुपारी बाराला त्यांनी सुनेलाही बाहेर बोलवावं, बाळाला घेऊन आजी सावलीत, आई उन्हात.